मानाची पेनल्टी

आधीच सांगून टाकतो, तो सामना आम्ही जिंकलो. दोन विरुद्ध एक. शील्ड पेठेत आली, हलगी वाजली, गुलालानं माझा पांढरा शर्ट कायमचा गेला. हे आधी सांगायचं कारण असं, की पुढची हकीकत ऐकताना लोक मध्येच विचारतात, "म्हणजे हरलात तर!" नाही म्हटलं की त्यांना माझ्या रागाचं कारणच कळेनासं होतं. पेठेलाही ते कधी कळलं नाही. हरलो असतो तर माझ्या बाजूनं बोलणारी चार माणसं तरी भेटली असती. जिंकल्यामुळे मी एकटा पडलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक होतो. शाळा सुटली की सायकल काढून एका पेठेतल्या मंडळाच्या फुटबॉल संघाला शिकवायला जायचो. मी त्या पेठेतला नव्हे. माझं घर शाळेजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पेठेत एका अंगाला तेलुगू विणकरांची घरं, दुसऱ्या अंगाला कन्नड बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची दुकानं. संघही तसाच मिसळीचा. गोलकीपर दखनीत ओरडायचा, फॉरवर्ड कन्नडमध्ये भांडायचे आणि शिव्यांच्या वेळी सगळे मराठीवर यायचे.

मला पहिल्यापासून कामं लिहून काढायची सवय आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी तालमीच्या दारावर मी एक कागद चिकटवत असे. वर ठळक अक्षरात लिहिलेलं असे, 'शेवटची पंधरा मिनिटं'. खाली कामं आणि माणसं. थ्रो कुणी टाकायचा, कॉर्नरच्या वेळी खांबाजवळ कुणी उभं राहायचं, आपण पुढं असलो तर बॉल कुठल्या कोपऱ्यात न्यायचा, मागं असलो तर कुठल्या बॅकनं वर जायचं, पेनल्टी कुणी मारायची. लोक हसायचे. "मास्तर, लग्नाची यादी हाय का काय ही?" पण त्यामागं सरळ कारण होतं. त्या काळी कोचला रेषेबाहेरून सूचना द्यायला बंदी होती. तोंड उघडलं की रेफरी ताकीद द्यायचा, दुसऱ्यांदा उघडलं की मैदानाबाहेर काढायचा. म्हणजे मला जे सांगायचं ते टॉस व्हायच्या आधी सांगून झालेलं पाहिजे. निर्णायक क्षणी निर्णय घ्यायचाच नसतो, तो आधी घेऊन ठेवलेला असतो, हे मी त्या पोरांना घोकून घोकून शिकवलं होतं.

त्या कागदावर पेनल्टीपुढं एकच माणूस असे. आमचा लेफ्ट हाफ.

तो माझा जुना विद्यार्थी. आठवीत शाळा सोडून दुसऱ्याच्या मागावर बसलेला. सूत आलं तर काम, नाही तर नाही. तो माग मांडलेला याच्याच घरात. माग आणि चूल एकाच खोलीत, आणि त्याच खोलीत आई, बायको आणि तान्ही मुलगी. दिवसाचं विणून झालं की तो कपड्यांवरचा कापूस झटकत शाळेच्या मैदानावर यायचा. मी गोलच्या डाव्या खांबाच्या आत एक वीट उभी ठेवायचो. त्यानं बॉल ठेवायचा, मागं जायचं, कुणाकडे न बघता यायचं आणि विटेला मारायचं. वीट आडवी झाली की मी ती उभी करायची. किती संध्याकाळी आम्ही हे केलं ते मोजलेलं नाही, पण विटा बऱ्याच फुटल्या. पुढं पुढं आमच्या गोलकीपरला आधी सांगून ठेवायचो, डावीकडे, खाली, विटेवरच येणार. तरी त्याला अडवता यायचा नाही.

दुसरा माणूस म्हणजे आमचा कॅप्टन. त्याला सगळी पेठ 'मालक' म्हणायची. कापडाचं मोठं दुकान, वय तिशीच्या पुढं, पोट थोडं सुटलेलं, स्वभावानं मात्र अगदी सज्जन. पेठेच्या गणपतीची पहिली आरती त्यांच्या घराची, होळीला पहिली काडी त्यांची. फुटबॉलचा मोसम सुरू व्हायचा तेव्हा मैदानाच्या मधोमध नारळ फुटायचा आणि पहिली किक त्यांच्या घरातल्या माणसानं मारायची. त्याला 'किकचा मान' म्हणत. माझी त्याला काही हरकत नव्हती. नारळ फोडा, हार घाला, मोसमाची पहिली किक कुणीही मारा. तिनं कुणाचं काही बिघडत नाही.

त्या वर्षी जिल्ह्याच्या शील्डचा अंतिम सामना पार्क मैदानावर ठरला. समोर कुर्डुवाडीचे रेल्वेवाले. धिप्पाड माणसं, उंच बॉल टाकून डोक्यानं खेळणारी. पण खरी गोष्ट निराळी होती. त्यांच्या संघाचे व्यवस्थापक आदल्या आठवड्यात मला शाळेत येऊन भेटले होते. त्यांना पुढच्या मोसमासाठी एक हाफ हवा होता. खेळाडू म्हणून वर्कशॉपात भरती, कायमची नोकरी, पुढं राहायला क्वार्टर.

"तुमचा लेफ्ट हाफ मी दोनदा पाहिलाय," ते म्हणाले. "पाय चांगला आहे. अडचणीच्या वेळी डोकं कुठं असतं तेवढंच बघायचं राहिलंय. ते फायनलला बघतो."

हे मी लपवून ठेवलं नाही. लेफ्ट हाफला सांगितलं, मालकांना सांगितलं, मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. ते म्हणाले, "लई चांगलं की. पोराचं कल्याण होईल." दोन दिवसांत पेठेतल्या पानाच्या टपरीवरसुद्धा ही बातमी होती. कुणाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे लिहून ठेवतो.

टॉस आम्ही जिंकला. पार्कावर संध्याकाळचा सामना म्हणजे उन्हाचा विचार आधी. पहिल्या अर्धात ऊन वर असतं, गोलकीपरचं टोपीवर भागतं. दुसऱ्या अर्धात ते सरळ डोळ्यांत येतं. म्हणून पहिला अर्ध आम्ही उन्हाकडे तोंड करून खेळलो. त्यात एक गोल खाल्ला, तोही उंच बॉलवर, डोक्यानं. हाफ टाइमला मी लिंबाच्या फोडी वाटल्या आणि एवढंच सांगितलं, की बॉल आता जमिनीवरून वर उचलायचा नाही. ते धिप्पाड आहेत, त्यांना वाकायला लावा. दुसऱ्या अर्धात ते वाकून वाकून थकले. आमच्या डाव्या बाजूनं बॉल सरकत गेला, लेफ्ट हाफनं आत दिला आणि बरोबरी झाली. तिथून पुढं सगळं कागदाप्रमाणं चाललं होतं. मी रेषेबाहेर दोन्ही हात मागं बांधून उभा होतो. मनातल्या मनात एकेका कामावर खूण करत होतो.

शेवटची थोडी मिनिटं राहिली असताना त्यांच्या फुल बॅकच्या हाताला बॉल लागला. रेफरीनं पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं.

मला आठवतं, मी अगदी निश्चिंत झालो. हे काम तर झालेलंच होतं. लेफ्ट हाफनं बॉल उचलला, जर्सीला पुसला आणि जागेकडे निघाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मान कुणाचा?"

आप्पा होते. खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. "अरे, मान मालकांचा! एवढी मोठी किक, मालकांना द्या की रे!"

"मालक! मालक!" सगळी पेठ सुरू झाली. कुणी शिट्ट्या मारल्या. एकजण हलगीवाल्याला म्हणाला, "वाजीव रं!" आणि त्यानंही वाजवायला घेतली. काल-परवापर्यंत 'पोराचं कल्याण होईल' म्हणणारी तीच तोंडं.

"त्यालाच मारू दे!" मी ओरडलो.

रेफरीची शिट्टी माझ्यावर वाजली. तो तरातरा माझ्याकडे आला. "मास्तर, सूचना द्यायच्या नाहीत. पुन्हा ऐकलं तर बाहेर."

"आणि हे काय देतायत?" मी मागच्या गर्दीकडे हात केला.

"ते प्रेक्षक आहेत," तो म्हणाला.

ज्यानं वर्षभर विटा उभ्या केल्या त्यानं तोंड बंद ठेवायचं, आणि ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नाही त्यांनी संघ चालवायचा! नियम मी पाळला. मला बाहेर काढलं असतं तर गोंधळ आणखी वाढला असता, एवढाच हिशेब मी केला.

लेफ्ट हाफ जागेवर पोचला होता. त्यानं एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान जोरानं हलवून 'तूच' असं सांगितलं. ते त्यानं बघितलं, याबद्दल मला शंका नाही. मग तो वळला, मालकांसमोर गेला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत बॉल धरून त्यांच्यापुढं केला. नारळ देतात तसा.

मालक गडबडले. नको नको म्हणत एक पाऊल मागं सरले. पण हलगी वाजत होती. त्यांनी बॉल घेतला, कपाळाला लावला आणि जागेवर ठेवला.

किक कशी होती म्हणाल तर पेनल्टी शिकवताना कशी मारू नये ते दाखवायला उत्तम. बुटाच्या टोकानं, मधोमध, जीव नसलेली. गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन. त्यानं अंदाजानं उजवीकडे उडी टाकली, आणि मागं राहिलेल्या त्याच्या टाचेला लागून बॉल हळूहळू, लाज वाटावी इतका हळू, रेषेपलीकडे गेला.

मग जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. गुलालात माखलेले आप्पा मला मिठी मारून म्हणाले, "बघितलं का मास्तर? मान पावला!"

"आप्पा, टाच पावली," मी म्हटलं. "त्या गोलकीपरची टाच."

"कसं का असंना, गोल झाला न्हाय का?"

या प्रश्नाला उत्तर नाही, हेच तर माझं दुःख. गोल झाला.

रेल्वेचे व्यवस्थापक सामान आवरत होते. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, पोरगा चांगला आहे. पण वेळ आली तेव्हा त्यानं बॉल दुसऱ्याच्या हातात दिला. हेच तर बघायला मी थांबलो होतो."

"साहेब, तो घाबरला नाही. ती पेठेची रीत आहे. पहिल्या किकचा मान त्या घराचा असतो."

"पण ही तर शेवटची होती," ते म्हणाले.

मी त्यांना विटेचं सांगितलं. शाळेच्या मैदानावर चला, आत्ता दाखवतो, म्हटलं. त्यांनी घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाली होती. "सरावात सगळेच मारतात हो. मला वरच्या साहेबांना नाव द्यायचंय. वेळेला मागं सरतो असं मीच डोळ्यांनी पाहिलेला माणूस कसा देऊ?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. जाता जाता ते गमतीनं मालकांना म्हणाले, "तुम्हीच या आमच्याकडे." मालक हसून म्हणाले, "आणि दुकान कुणाला सोडू साहेब?" ती जागा पुढं बार्शीच्या एका हाफला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी लेफ्ट हाफला पेठेच्या तोंडाशी चहाच्या हॉटेलात गाठलं.

"माझ्याकडे बघितलंस की नाही?"

"बघितलं सर."

"मी मान हलवली ती दिसली?"

"दिसली की."

"मग?"

त्यानं बशीत चहा ओतला. "सर, मी मारली असती आणि गेली असती बाहेर, तर?"

"तुझी बाहेर जात नाही."

"गेली असती तर, म्हणतो मी. सगळी पेठ मान मालकांचा म्हणतीया, आणि मी मधी घुसून घालवली. तुमी सायकलवर बसून घरी जाता सर. मला तितंच ऱ्हायचंय."

"आणि आत गेली असती तर? आज कुर्डुवाडीला गेला असतास."

"आत गेली असती तर मी गेलो असतो. आई तितंच ऱ्हाणार होती की काही दिवस." तो हसला. "मालकांचा मान ह्यानं खाल्ला म्हणून तिला नळावर ऐकवलं असतं."

मी चहा तसाच टाकून उठलो. त्याच्यावर रागवावं तर तो म्हणत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्या पेठेनं त्याला बोटही न लावता अडवलं होतं. कुणी हात धरला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. नुसतं हौसेनं ओरडून त्याची नोकरी घालवली आणि वर त्याच हौसेनं गुलाल उधळला.

पुढच्या बैठकीत मंडळानं ठराव मांडला, की यापुढं महत्त्वाच्या सामन्यात पेनल्टीचा मान मालकांच्या घराचा. मी उभा राहिलो. म्हटलं, ठराव करायच्या आधी सगळ्यांनी उद्या शाळेच्या मैदानावर यायचं. मालकांनी आणि लेफ्ट हाफनं दहा-दहा किक मारायच्या. मी वीट ठेवतो.

आश्चर्य म्हणजे सगळे आले. मालकही आले, धोतर बदलून, बूट घालून. त्यांच्या चार बाहेर गेल्या, पाच गोलकीपरनं धरल्या, एक कशीबशी आत गेली. विटेच्या जवळपास एकही नाही. लेफ्ट हाफनं पहिल्याच किकला वीट पाडली. मी उभी केली, त्यानं पुन्हा पाडली. शेवटी वीट फुटली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, पटलं.

आप्पा धूळ झटकत उठले. "लई भारी मारतंय पोरगं. पण मास्तर, हा झाला सराव. मॅचला मानच लागतो. त्या दिवशी बघितलंच की आपण."

ठराव एकमतानं झाला. मी मंडळ सोडलं. सोडताना तालमीच्या दारावरचा जुना कागद काढून घ्यायला गेलो, तर तो कुणीतरी आधीच काढून त्या जागी मालकांचा हार घातलेला फोटो लावला होता. पुढच्या मोसमात त्या ठरावाप्रमाणं मारलेल्या पेनल्ट्यांचं काय झालं, हे पेठेतल्या कुणालाही विचारा. कुणालाही आठवत नाही. ती शील्ड मात्र सगळ्यांना आठवते.

त्याची नोकरी हुकली हे मालकांना लागलं होतं. दिवाळीच्या आत त्यांनी लेफ्ट हाफला मागावरून उठवून आपल्या दुकानात घेतलं. लोक म्हणाले, बघा, मालकांनी भरपाई केली. मला तर त्याचाही राग आला. जे त्याचं त्याला मिळत होतं ते काढून घ्यायचं, आणि मग आपल्या हातानं थोडं परत द्यायचं. तरी मागापेक्षा कापड मोजायचा गज बरा, एवढा व्यवहार मलाही कळतो.

परवा मुलाच्या लग्नाच्या खरेदीला निघालो तेव्हा यादीत त्या दुकानाचं नाव बायकोनं घातलं होतं. गेलो. मालक आता म्हातारे झालेत, गादीवर टेकून बसतात. लेफ्ट हाफ कापड मोजत होता. त्याचे केस पिकलेत. "सर, बसा," म्हणून त्यानं स्टूल पुढं केलं, चहा सांगितला आणि मी पसंत केलेलं कापड मोजायला घेतलं.

मालक गादीवरून पुढं वाकले. मग म्हणाले, "मास्तर, अजून राग हाय का?"

"आहे."

"मला तर वाटतं, तो गोल झाला नसता तर बरं झालं असतं." ते लेफ्ट हाफच्या गजाकडे न बघता बोलत होते. "त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही हो, ह्याची नोकरी. हलगी वाजत हुती. बॉल हातात आला, मारला. गेला असता बाहेर, तर सगळ्यांना कळलं तरी असतं."

इतक्या वर्षांत त्या पेठेतल्या एका तरी माणसाच्या तोंडून हे निघावं म्हणून मी थांबलो होतो. आता ते निघालं, तसं मी स्टूल पुढं ओढलं.

लेफ्ट हाफनं कापडावर कात्री चालवली. वर न बघता तो म्हणाला, "बाहेर कसा जाईल, मालक? मान तुमचा हुता. आत जाणारच."

चेष्टा करतोय का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. नव्हता करत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा यायच्या आत मी उठलो आणि तरातरा रस्त्याला लागलो.

पेठेच्या तोंडाशी, त्याच हॉटेलसमोर, मागून हाक आली. "सर! ओ सर! कापड ऱ्हायलं की!"

तो धावत आला. या वयातही दम लागला नव्हता. कागदात बांधलेलं कापड त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं आणि माझ्यापुढं केलं.

"एका हातानं दे," मी म्हटलं.